येतो

"मेलं ते कोपऱ्यावरचं दुधाचं यंत्र! आता त्यालाही पाणी घालायला शिकवलंय वाटतं कुणीतरी," आई चहाच्या कपात बघत पुटपुटल्या. "आणि साखर घातलीयस, का नुसती दाखवलीयस गं?"

"साखर सं..."

"संपली म्हणू नये घरात. वाढली म्हणावं."

"साखर वाढलीय, आई."

टक्. उशाजवळच्या डबीवरचा पिवळा दिवा हिरवा झाला आणि ते वाक्य त्या दिवसापुरतं आईंच्या डोक्यात बसलं. नंतरच्या दोन्ही चहांना त्यांनी तक्रार केली नाही. मला मात्र दिवसभर वाटत राहिलं, की आजचंही वाक्य आपण साखरेवर घालवलं.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, उज्ज्वला आवटी. सांगलीतल्या एका शाळेत शिवण शिकवायच्या. काही वर्षांपूर्वी त्यांना मेंदूला सूज आणणारा ताप आला. ताप उतरला, पण उतरताना आतलं एक कोठार जाळून गेला. नवीन घडलेलं पक्कं करून ठेवणारा एक लहानसा भाग मेंदूत असतो, हिप्पोकॅम्पस म्हणतात त्याला. तो गेला. त्यामुळे आईंचं जुनं सगळं शाबूत आहे. माझ्या लग्नाच्या पंगतीत कोण कशावरून रुसलं होतं, हे त्या आजही वाढप्याच्या नावासकट सांगतील. पण आज सकाळी काय खाल्लं, हे पाव तासात ओघळून जातं.

त्यासाठी ती टिकली. डॉक्टर तिला लांबलचक नावानं हाक मारतात, आम्ही टिकली म्हणतो, कारण कानामागे कातडीखाली बसवलेली ती चकती तेवढीच आहे. जवळ कुणी एखादं सरळ वाक्य बोललं, की टिकली त्याच क्षणी मेंदूला ठरावीक तालात विजेचे बारीक ठोके देते आणि ते वाक्य झोप लागेपर्यंत धरून ठेवते. झोपेत निरोगी मेंदू दिवसभराचं सामान आतल्या खोलीत लावतो. ते टिकलीला जमत नाही. म्हणून रोज सकाळी आई कोऱ्या उठतात.

आणि म्हणून सुरुवातीच्या ओळी.

हे मला अजिंक्यनं शिकवलं. माझा नवरा. नदीकाठच्या पंपगृहात संगणक सांभाळायचा. मी साड्यांना फॉल-पिको करणारी बाई, शिक्षण बारावी, तेही इंग्रजीत दोनदा आपटून. पण संध्याकाळी तो संगणकावरच्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायला लागला, की मी शिलाई बाजूला ठेवून बघत बसायची. बघून बघून आलं. पुढे त्याच्या जुन्या लॅपटॉपवर मीच धडपडायला लागले.

त्या काळ्या खिडकीला शेल म्हणतात. संगणकाशी बोलायची जागा. पूर्ण शेल असेल तर तुम्ही घरभर फिरू शकता, कपाटं उघडू शकता, भिंत पाडू शकता. मर्यादित शेल म्हणजे स्वयंपाकघर आणि मागचं अंगण तुमचं; बाकी दारांना कुलूप, आणि कुलपाला हात लावायचा हुकूमच तुमच्याकडे नाही.

"म्हणजे लग्न होऊन आले तेव्हाची मी," मी म्हटलं होतं.

"तुला किल्ली मिळाली की नंतर."

"किल्ली नाही मिळाली. कुलूप गंजलं."

तो हसला होता. मग त्यानं मुद्द्याची गोष्ट सांगितली. माणूस आत आला, म्हणजे लॉगिन झाला, की आधी सुरुवातीचे हुकूम चालतात आणि कुलूप त्यांच्या नंतर पडतं. म्हणजे ज्यानं सुरुवातीच्या ओळी लिहिल्या, तोच खरा घरमालक. बाकीचे दिवसभर त्याच्या मांडणीत वावरतात.

टिकलीही अशीच बांधलेली आहे. जाग येणं हे लॉगिन. तिला जोडलेल्या, उशाजवळच्या डबीवर निळा दिवा लागतो आणि पालक म्हणून कंपनीकडे नाव असलेल्या माणसानं, आमच्याकडे अजिंक्यनं, भरून ठेवलेल्या ओळी त्याच्याच आवाजात ऐकू येतात. मग थोडा वेळ, चहाचे चारदोन घोट होतील एवढा, दिवा पिवळा असतो. ओळी संपलेल्या आणि कुलूप अजून पडलेलं नाही. या फटीत दुसऱ्या कुणी एक सरळ वाक्य बोललं, तर तेही दिवसभरासाठी धरलं जातं. ते पाऊस आहे का, पाहुणे येणार आहेत का, असलं काही सांगण्यासाठी. मग टक्, हिरवा दिवा, कुलूप. त्यानंतर औषध, जेवण, आल्यागेल्याची नावं, एवढंच आत जातं. हे कुलूप कायद्यानं आलं. पहिल्या टिकल्यांना ते नव्हतं आणि एका भाच्यानं आपल्या मामीच्या डोक्यात, तिनं घर त्याच्या नावावर केल्याचं वाक्य रोज दुपारी घातलं होतं म्हणतात.

त्या पिवळ्या वेळाला अजिंक्य उंबरा म्हणायचा. उंबऱ्यात प्रश्न चालत नाही आणि टिकली ज्याची, त्याचा स्वतःचा आवाजही चालत नाही. नाहीतर आईंनी दुधाच्या यंत्रालाच दिवसभर शिव्या घातल्या असत्या. आणखी एक. टिकली वाक्य धरते, सूर धरत नाही. आपलं निम्मं बोलणं सुरात असतं, हे ती बनवणाऱ्यांना कुणी सांगितलं नसावं.

ओळी भरल्या तो दिवस मला लख्ख आठवतो. आई पलंगावर, मी दारात, अजिंक्य डबी तोंडाजवळ धरून. "आई, मी अजू. तू घरीच आहेस, सांगलीत. तुला ताप येऊन गेला, म्हणून नवीन लक्षात राहत नाही. त्यात तुझी काही चूक नाही. बाबा बाहेर पेपर वाचतायत. माधुरी चहा आणतेय. मी कामावर जातो."

"जातो काय म्हणतोस मेल्या!" आई कडाडल्या. "येतो म्हण."

"अगं, यंत्राला काय कळतंय?"

"यंत्राला नसेल कळत. घराला कळतं."

मग त्यानं शेवट पुन्हा भरला. "मी कामावर निघालोय. येतो." त्याच्या त्या आज्ञाधारक सुराला मी हसले आणि माझ्या हसण्याचं निम्मं टोक त्या ओळीत अडकलं. अजून आहे. रोज सकाळी 'येतो'नंतर एक बाई हसायला लागते आणि कापली जाते.

अजिंक्य श्रावणात गेला. पंपगृहात, खुर्चीत बसल्या-बसल्या. छातीत कळ आली म्हणावं तर तेवढंही नाही. शेजारच्या माणसाला वाटलं, डुलकी लागली.

त्या दुपारी आईंना त्याच्याजवळ नेलं. त्यांनी जो हंबरडा फोडला, तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. पाव तासानं त्यांनी पदरानं डोळे पुसले, इकडंतिकडं बघितलं आणि मला हळूच विचारलं, "एवढी माणसं का जमलीत गं? कोण गेलं?" मी त्यांना पुन्हा आत नेलं. पुन्हा हंबरडा. पुन्हा पाव तास. तिसऱ्या वेळी बाबांनी, माझ्या सासऱ्यांनी, मला दारातच अडवलं. कधी आवाज न चढवणारा माणूस. "बास," म्हणाले. "आता हिला कुणीही काही सांगायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी निळा दिवा लागला. मी कामावर निघालोय. येतो.

लोक म्हणायचे, माधुरी रडली नाही. खरं आहे. मी शिवत होते. फॉल लावायला डोकं लागत नाही. साडीच्या काठामागून सुई चालत राहते. भूक लागायची ती खाल्ल्यावर कळायची. बोटात सुई गेली तर रक्त आधी दिसायचं आणि दुखतंय का, याचा विचार नंतर यायचा. एखाद्या हाताला मुंग्या आल्यावर तो आपला असून आपला नसतो ना, तसं सगळं घरच झालं होतं.

आणि आई वाट बघायला लागल्या. आधीही बघायच्या, पण तेव्हा तो यायचा. येतो म्हणजे निरोप घेतो, हे कुणाला सांगावं लागतं? पण टिकलीनं सूर गाळून नुसतं वाक्य धरलेलं. तो येणार आहे, मुलानं स्वतः सांगितलंय. दिवेलागण झाली की आई जाळीच्या दाराशी खुर्ची ओढायच्या. "मेला अजून आला नाही," म्हणायच्या. "कुठं उलथलाय कुणास ठाऊक."

ज्या शब्दाला आम्ही घरातून हद्दपार केलं होतं, तो आई रोज संध्याकाळी लाडानं उच्चारायच्या. बाबांच्या हातातला पेपर थांबायचा. मी मशीनचं चाक हातानं धरायची. मग पेपरचं पान उलटायचं, चाक सुटायचं.

अजू आल्याशिवाय त्या जेवत नव्हत्या. उंबऱ्यात मी सांगून बघितलं, "अजिंक्यला उशीर होणार आहे, तुम्ही जेवून घ्या." उशीर होणार म्हटल्यावर त्या आणखी उशिरापर्यंत बसल्या. "तो दौऱ्यावर गेलाय," सांगितलं, तर संध्याकाळी मलाच म्हणाल्या, "तुला नीट ठाऊक नाही. तो येतो म्हणालाय." दोन वाक्यं एकमेकींना आडवी आली, की त्या मुलाचं ऐकायच्या.

मी त्यांचे ब्लाउज शिवते. दिवाळीपर्यंत दोन्ही बाजूंनी आत घेतले. संक्रांतीनंतर पुन्हा घ्यायला लागले, तेव्हा आत घ्यायला कापड होतं, बाई उरली नव्हती.

"असंच चाललं तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "आणि त्या ती नळी रोज उपसणार, कारण कशासाठी घातलीय, हे त्यांना रोज नव्यानं कळणार."

मी त्यांना एक विचारून घेतलं. "डॉक्टर, त्या रात्रीची ताटं तीनच मांडतात. आधी चार मांडायच्या. त्यांना कुणी सांगितलेलं नाही."

"हाताची सवय वेगळ्या ठिकाणी साठते. मनाला बसलेला धक्काही वेगळ्या ठिकाणी. ती ठिकाणं शाबूत आहेत. काय झालं, ते त्यांना माहीत नाही. काहीतरी झालंय, हे माहीत असणार."

म्हणजे हात तीन ताटं मांडायचे आणि आई चौथ्याची वाट बघत बसायच्या.

तेव्हा स्नेहलला बोलावलं. माझी नणंद, बेळगावला असते, हिशेबाला आणि तोंडाला चोख. तिनं आल्या-आल्या टिकलीच्या कंपनीला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"सुरुवातीच्या ओळी फक्त पालक बदलू शकतो," पलीकडच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या.

"पालक नाहीये."

"कुठं गेलेत?"

स्नेहलनं माझ्याकडे बघितलं. मी बाबांकडे. बाबांनी घड्याळाकडे.

"ते... नाहीयेत," स्नेहल म्हणाली.

"बरं, आल्यावर फोन करायला सांगा."

"अहो, ते आता येणार नाहीत!"

"अच्छा. अच्छा, सॉरी मॅडम." त्या बाईंचा आवाज एकदम माणसासारखा झाला. "मग पालक बदलावा लागेल. त्याला आईंचा होकार हवा आणि तो देताना पालक का बदलतोय, हे त्यांना माहीत असायला हवं. तुम्ही सकाळच्या खुल्या वेळात त्यांना सांगा, म्हणजे दिवसभर ते राहील. मग फोन करा, मी स्वतः त्यांच्याशी बोलीन. तो एक दिवस जड जाईल. पण नंतर ओळी तुमच्या हातात."

"आणि नंतर काय भरायचं? रोज सकाळी त्यांना तेच सांगायचं?" मी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"नाही हो. काय भरायचं, ते तुम्ही ठरवा. फक्त, सांगताना सरळ शब्दांत सांगा. आडून सांगितलेलं टिकली वेगळंच धरते."

फोन ठेवल्यावर स्नेहल म्हणाली, "काही भरायचं नाही. फक्त 'येतो' काढायचं. वाट नाही बघितली, तर जेवेल ती."

पहिली पाळी बाबांनी मागून घेतली. आदल्या संध्याकाळी आरशापुढं उभं राहून 'निधन झालं', 'निधन झालं' असं घोकताना मी त्यांना बघितलं. वर्तमानपत्रातला शब्द, पुढाऱ्यांसाठी केलेला. सकाळी पिवळा दिवा लागला. बाबा पलंगावर आईंच्या शेजारी बसले, त्यांचा हात हातात घेतला.

"उज्ज्वला, आपला अजू गेला गं."

टक्.

आईंचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांना कळलं होतं. बाबांच्या सुरातून, हातातून सगळं कळलं होतं. त्यांनी बाबांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मला वाटलं, झालं. सुटलो. पाव तासानं त्यांनी डोकं वर केलं. सूर ओघळून गेला होता, वाक्य राहिलं होतं.

"अजू गेला ना?" त्या म्हणाल्या. "डबा नेला का त्यानं?"

बाबा उठून मागच्या अंगणात गेले आणि तुळशीला पाणी घालत बसले. कुंडी भरून वाहायला लागली तरी घालत होते.

दुसऱ्या दिवशी स्नेहल. "मी सांगते सरळ," म्हणाली. तिचाच सरळपणा, मी निर्धास्त होते. पिवळा दिवा लागला, तिनं श्वास घेतला आणि म्हणाली, "आई, दादा आता आपल्यात नाही."

टक्.

पुन्हा तो राखेचा चेहरा. पुन्हा पाव तास. मी पोह्यांना फोडणी घालत होते, तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. कमरेवर हात.

"वेगळा निघाला ना अजू?"

"अं?"

"आपल्यात नाही म्हणे तो आता. एवढ्या वर्षांत कधी जमलं नाही ते जमवलंस अखेर. फोडलंस घर!"

"आई, मी तर इथंच आहे."

"तेच तर! त्याला पुढं पाठवून स्वतः इथली भांडी बांधायला थांबलीयस. ते पितळेचं पातेलं माझ्या आईचं आहे, आत्ताच सांगून ठेवते. हात लावायचा नाही."

दिवसभर त्या माझ्या मागं होत्या. डबे मोजले, पातेलं उशाशी नेऊन ठेवलं, माझ्या माहेरच्यांचा उद्धार केला. स्नेहल सारखी माफी मागत होती. पण खरं सांगते, श्रावणानंतरचा तो पहिला दिवस होता की मला काहीतरी वाटलं. अजिंक्य कुठंतरी भाड्याच्या दोन खोल्या बघतोय, गॅसची शेगडी लावतोय आणि मी भांडी बांधली की निघायचंच आहे, असं एक घर त्या दिवसापुरतं माझ्याही डोक्यात उभं राहिलं. खिडकीला पडदे कुठले लावायचे, इथवर मी पोचले होते. शिवाय त्या दिवशी आई रात्री जेवल्या. रागानं, माझ्याकडे पाठ करून, पण जेवल्या. येणारच नसला तर वाट कुणाची बघायची?

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कोऱ्या. येतो. आणि उंबऱ्यात मी म्हणाले, "बाहेर गारठा आहे, आई." टक्.

स्नेहलनं ते दारातून ऐकलं.

दुपारी ती शेंगदाण्याचं कूट करायला माझ्यासमोर बसली. बत्त्याचे चार ठोके घालून थांबली. "वहिनी, तू का सांगत नाहीस?"

"सांगेन की."

"कधी? तुझी पाळी होती आज. गारठा आहे म्हणे!"

"होताच गारठा."

"वहिनी." तिनं बत्ता खाली ठेवला. "रोज सकाळी तू चहा घेऊन ओळी सुरू व्हायच्या आधीच येतेस. आईसाठी नाही येत. चहा निवेपर्यंत दादाचा आवाज ऐकत उभी असतेस. ओळी बदलल्या की तो जाणार, म्हणून ना?"

मी साडीचा काठ सरळ करत राहिले.

"फोनवर भरून घे की तो आवाज. मी देते करून."

"घेतलाय केव्हाच."

"मग?"

"फोनवर लावला की ते रेकॉर्डिंग वाटतं, स्नेहल. इथं तो आत्ता दारातून बाहेर पडल्यासारखा वाटतो. चप्पल घालत असेल, असा. संध्याकाळपर्यंत पुरतं तेवढं."

स्नेहलनं बत्ता उचलून पुन्हा कुटायला घेतलं. कूट झाल्यावर म्हणाली, "म्हणजे टिकली तुलाच बसवलीय." आणि मग, माझ्याकडे न बघता, "मला बोलता आलं नाही गं. तोंडाशी आलं होतं. आईनं लहानपणी संपली म्हटलं तरी फटका दिलाय मला."

जाळीच्या दाराशी आईंनी खुर्ची ओढली. खुर्चीच्या पाठीवर त्यांचा खांदा हाडासारखा टोकदार दिसत होता. दिवसाउजेडीच बसल्या होत्या. हल्ली त्या लवकर यायच्या. त्यांच्या मनगटातली बांगडी कोपरापर्यंत सरकली, त्यांनी ती परत खाली ढकलली, ती परत वर गेली. मी ते बघत राहिले. मग उठून त्यांच्या सगळ्या ब्लाउजांची शिलाई उसवून ठेवली. का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. परत जाडजूड झाल्या तर घालता यावेत, एवढंच असेल.

दुसऱ्या दिवशी मी चहा आणलाच नाही. हात रिकामे ठेवले. स्नेहल आणि बाबा दाराशी उभे होते. आई जाग्या झाल्या, छताकडे बघितलं, डोळ्यांच्या कडेनं एक थेंब कानाकडे उतरला. रोज उतरतो. त्याचं कारण रोज त्यांना ठाऊक नसतं.

निळा दिवा. "आई, मी अजू. तू घरीच आहेस, सांगलीत." मी डोळे मिटले नाहीत. "तुला ताप येऊन गेला, म्हणून नवीन लक्षात राहत नाही. त्यात तुझी काही चूक नाही. बाबा बाहेर पेपर वाचतायत. माधुरी चहा आणतेय. मी कामावर निघालोय. येतो." आणि ती बाई हसायला लागली आणि कापली गेली.

पिवळा दिवा.

"आई," मी म्हणाले.

त्या उठून बसल्या. माझे रिकामे हात बघितले. "चहा नाही?"

"आई, अ..." पुढचा शब्द नव्हता. जीभ जागेवर होती, श्वास होता, शब्दच नव्हता. दिव्याकडे बघू नये असं ठरवलं होतं, तरी बघितलं. पिवळा. बाबांचा श्वास ऐकू येत होता.

आईंनी पदरानं डोळ्याची कड पुसली. बोट ओलं झालं, त्याकडे बघितलं. मग दाराकडे, जिथून कुणीतरी नुकतंच बाहेर पडलंय असं वाटतं, आणि रोज संध्याकाळी कुरकुरतात तशा कुरकुरल्या, "येतो म्हणतोय मेला..."

तो शब्द त्यांच्या तोंडातून नेहमीसारखा सुटला, पण या वेळी पुढं गेला नाही. ओठ तसेच राहिले. एखादी बाई अंधारात हात फिरवत असते आणि हाताला ओळखीची कडी लागते, तशा त्या थांबल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझं कपाळ, माझे केस, माझे रिकामे हात. सावकाश, शिवणाच्या तासाला मुलींचे टाके तपासायच्या तसं.

"मधू," त्या म्हणाल्या. लग्न झाल्यापासून त्यांनी मला मधू म्हटलेलं नव्हतं. "मेला का गं?"

दिवा पिवळाच. प्रश्न त्याला चालत नाही आणि त्यांचा आवाज त्याला चालत नाही. तो माझी वाट बघत होता.

मी पलंगावर बसले. त्यांची सरकलेली बांगडी खाली आणली आणि मनगटावर धरून ठेवली.

"हो, आई," मी म्हणाले. "अजिंक्य मेला."

टक्.